किट वाटण्याआधी थोडं ऐक

अगं, शिरोळला पूरकामासाठी निघालीस हे ऐकून बरं वाटलं. गमबूट, टॉर्च, रेनकोट, ओआरएसची पाकिटं ही यादी तुझ्या संस्थेने दिलीच असेल, तिच्यात मी भर घालत नाही. मला बोलायचंय ते बहुतेक याद्यांमध्ये नसतंच. प्रशिक्षणात आलं तर शेवटच्या अर्ध्या तासात येतं, आणि तोवर सगळ्यांचं लक्ष चहाकडे लागलेलं असतं. आपण ज्या छावणीत मदत घेऊन जातो तिथे बायका-मुलींवर अत्याचार होतात, आणि आपण ती मदत कशी देतो यावर ते वाढतात किंवा कमी होतात. माझं सांगणं एवढंच आहे, पण ते जरा बैजवार सांगू दे.

तू म्हणशील, ताई, लोकांचं घरदार पाण्यात गेलंय, अशा वेळी असलं कुणाला सुचतं? सुचतं गं. घर असतं तेव्हा बाईला निदान एक दार लावून घेता येतं. छावणीत चाळीस-पन्नास माणसं एका वर्गखोलीत, शेजारी कोण झोपलंय ठाऊक नाही, वीज गेलेली, पोलीस बंदोबस्तात अडकलेले, माहेरची माणसं नदीच्या पलीकडे. आधीपासून जे चालू होतं ते पुरात थांबत नाही, उलट त्याला मोकळं रान मिळतं. आणि अत्याचार म्हटलं की अंधारातला कुणी अनोळखी माणूसच डोळ्यासमोर आणू नकोस. हाताला काम नाही, जनावरं वाहून गेली, त्याचा राग बायकोवर निघतो. पोरीची जबाबदारी नको म्हणून तिची शाळा सोडवून लग्न उरकलं जातं. ‘पुण्यात चांगलं काम आहे, राहायची सोय आहे,’ असं म्हणत कुणीतरी मुलीला घेऊन जातं. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळला भूकंप झाला तेव्हा भारताच्या सीमेवर मुलींच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून तपासणी करावी लागली, ती याच भीतीने. त्या वाटेचं एक टोक वर्षानुवर्षं मुंबईच्या कामाठीपुऱ्यात येऊन पोचलेलं आहे, तेव्हा ते दुसऱ्या देशाचं दुखणं म्हणून सोडून देता येत नाही.

छावणीत पोचलीस की कुणीतरी वजनदार माणूस तुला सांगेल, ‘आमच्याकडे असलं काही नाही मॅडम, एकही तक्रार आलेली नाही.’ तक्रार नाही याचा अर्थ बहुतेक वेळा तक्रार करायला जागा नाही एवढाच असतो. ज्याच्याकडे तक्रार करायची, तोच उद्याच्या तांदळाची यादी करणार असेल तर कोण तोंड उघडेल? संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मोठ्या मदतसंस्थांची मिळून एक समिती आहे. तिने या विषयावर २००५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१५ मध्ये ती नव्याने लिहिली. त्यातलं मुख्य सांगणं असं, की पुरावा हाती येवो न येवो, हिंसा होतेच आहे असं धरून कामाला लागा. हे मला फार पटतं. बायकांना खोदून खोदून विचारत ‘केसेस’ गोळा करणं हे आपलं काम नव्हे. दाराला कडी बसवायला कुणाच्या जबाबाची गरज नसते.

म्हणून सांगते, पहिल्या दिवशी किट मोजण्याआधी संडास बघ. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांपुरते चार-दोन संडास असतात आणि पुरात तिथे तीनशे माणसं येऊन राहतात. मदतकार्यात सगळीकडे मानली जाणारी ‘स्फिअर’ची मापं पाठ करून ठेव. सुरुवातीच्या धावपळीत ५० माणसांमागे एक संडास, जरा स्थिरस्थावर झालं की २० माणसांमागे एक, बायकांचे तीन तर पुरुषांचा एक, आणि राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत. तीनास एक का, तर बायकांना वेळ लागतो, पाळी असते, कडेवर लेकरू असतं. पुरुष उघड्यावरही भागवून घेतात.

पण नुसती संख्या पुरी करून भागत नाही. ऑगस्ट २०१७ नंतर बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला सात लाखांहून जास्त रोहिंग्या माणसं आली. संडास घाईघाईने उभे राहिले, पण पुष्कळसे बायका-पुरुषांना एकत्र, किंवा वस्तीच्या कडेला काळोखात. बायका दिवसभर पाणी कमी प्यायच्या, रोखून धरायच्या. त्याने लघवीचे आजार होतात हे तुला वेगळं सांगायला नको. आपल्याकडच्या छावण्यांत मीही हेच पाहिलंय. बायका जोडीने जातात, एक आत आणि दुसरी बाहेरून दार ओढून धरून उभी, कारण आतली कडी तुटलेली असते आणि ती दुरुस्त करायला हवी हे पाहणीला आलेल्या कुणाच्याच डोक्यात येत नाही. तुझ्या बॅगेत डझनभर कड्या, मूठभर स्क्रू आणि एक स्क्रू ड्रायव्हर टाक. दिवाही हवाच, पण तो कुठे लावायचा हे बायकांना विचारून ठरव. संडासाच्या वाटेवरच्या दिव्याखालीच मोबाइल चार्जिंगची सोय केलीस तर रात्री तिथे पोरांचा अड्डा जमेल, आणि उजेड असूनही बायका तिकडून जायचं सोडतील.

आडोसा म्हणजे लाड आहेत असं कुणी म्हणालं, तर त्याला बांगलादेशचं वादळ सांग. २९ एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळात तिथे सुमारे १,३८,००० माणसं गेली आणि त्यात बायका-मुलं फार मोठ्या संख्येने होती. कारणं बरीच होती. इशारा घरातल्या बाईपर्यंत उशिरा पोचला, लेकरं-कोंबड्या-भांडी सोडून पाय निघाला नाही. पण परक्या पुरुषांच्या गर्दीत, आडोसा नसलेल्या निवाऱ्यात रात्र कशी काढायची, हेही एक होतं. पुढे बांधलेल्या निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या केल्या गेल्या त्या उगाच नाही. निवारा सुरक्षित वाटला नाही तर बाई तिथे येतच नाही.

आता बायकांना विचारायचं कसं? सगळ्यांदेखत, सरपंच आणि दीर-सासरे उभे असताना ‘तुम्हाला काही त्रास आहे का’ असं विचारलंस, तर ‘काही नाही हो, सगळं बरं चाललंय’ हेच ऐकू येणार. गावच्या आशाताईला किंवा अंगणवाडी सेविकेला धर. ती ओळखीची असते, तिच्यामागे बायका येतात. भाजी निवडायला, भांडी घासायला जिथे बसतात तिथे तूही बस. ‘तुमच्यावर अत्याचार झाला का’ असं चुकूनही विचारू नकोस. ‘दिवस मावळल्यावर कुठल्या बाजूला जायचं टाळता?’, ‘पोरींना एकटं कुठे पाठवत नाही?’, ‘आंघोळीला कधी जाता?’ असं विचार. मग संध्याकाळी त्यांच्याबरोबरच छावणीला एक फेरी मार. पाहणीच्या चार फॉर्मांतून कळणार नाही ते त्या फेरीत कळेल. आणि सगळ्या बायका एकसारख्या नसतात हेही ध्यानात ठेव. एकटी विधवा, परित्यक्ता, अपंग बाई, गावाबाहेरच्या वस्तीवरची, ऊसतोडीला आलेल्या टोळीतली, तृतीयपंथी, यांच्याकडे मुद्दाम जा. त्या आपणहून पुढे येत नाहीत.

वाटपाकडे वळू. इथे आपल्याला वाटतं की आपण पुण्य करतोय, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. टेम्पो संध्याकाळी आला म्हणून वाटप संध्याकाळी करायचं नाही. अंधारात धान्य डोक्यावर घेऊन बाईने वस्तीवर जायचं, हे आपण तिच्यावर लादलेलं संकट असतं. सकाळी वाट, भर दुपारपर्यंत संपव. पन्नास किलोचं पोतं एकट्या बाईला दिलंस तर ते उचलून द्यायला कुणीतरी येणार, आणि तो त्या मदतीचं मोल कशात मागेल हे तुझ्या हातात राहत नाही. दहा-दहा किलोच्या पिशव्या कर. म्हाताऱ्या, गरोदर, लेकुरवाळ्या बायकांची रांग वेगळी ठेव. रेशनकार्ड ज्याच्या नावावर त्यालाच किट, असा नियम केलास तर नवऱ्याने टाकलेली बाई, घर सोडून आलेली सून, दोघी उपाशी राहतात. यादीत बाईचं नाव तिच्या स्वतःच्या नावाने येऊ दे. पॅड, अंतर्वस्त्रं असली पिशवी बायकांनीच बायकांना द्यायची, चार पुरुषांसमोर उघडून दाखवायची नाही आणि तिचा फोटो तर नाहीच नाही.

आणि आता जे सांगते ते जरा कडू आहे. धोका बाहेरच्या टारगट पोरांचाच असतो असं समजू नकोस, तो आपल्या संस्थेच्या जॅकेटमध्येही असतो. २००२ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या निर्वासित छावण्यांविषयी एक अहवाल आला. तो संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने आणि ब्रिटनच्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने मिळून केला होता. धान्य, ताडपत्री, साबण यांच्या बदल्यात मदत कर्मचारीच मुलींचं शोषण करतात, असं तिथल्या मुलांनी त्यात सांगितलं होतं. त्या धक्क्यानंतर नियम आले. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी २००३ मध्ये काढलेल्या आदेशात स्पष्ट म्हटलंय, की मदतीच्या, पैशाच्या, नोकरीच्या बदल्यात शरीरसंबंध चालणार नाहीत आणि अठरा वर्षांखालच्या कुणाशीही संबंध चालणार नाहीत. वय कळलं नाही ही सबबसुद्धा ऐकून घेतली जाणार नाही. नियम आले म्हणून सगळं थांबलं असंही झालं नाही. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर ‘ऑक्सफॅम’ या मदतसंस्थेच्या काही कर्मचाऱ्यांनी जे लैंगिक गैरवर्तन केलं त्याची अंतर्गत चौकशी २०११ मध्ये झाली, पण जगाला ते कळलं २०१८ च्या फेब्रुवारीत. नाव राखण्यासाठी झाकून ठेवलं की काय होतं, ते तेव्हा दिसलं.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की किट देणारा हात कुणाचाही असो, त्यात सत्ता असते. आपली माणसं चांगली आहेत यावर विसंबू नकोस, वाटपाची रीत अशी ठेव की कुणा एकाच्या मर्जीवर काही राहणार नाही. यादी एकट्याने करायची नाही. वाटपाला कायम दोघं, त्यात एक बाई. घरी जाऊन ‘राहिलेलं किट’ एकट्या पुरुषाने द्यायचं नाही. आणि जिथे वाटप होतं तिथे मोठ्या अक्षरांत मराठीत फलक लाव, ‘ही मदत मोफत आहे. याच्या बदल्यात कुणीही पैसे, काम किंवा दुसरं काहीही मागू शकत नाही. मागितलं तर या नंबरवर सांगा.’ वाचता न येणाऱ्यांसाठी स्पीकरवरून रोज सांग. तो नंबर वाटप करणाऱ्यांपैकी कुणाचा नको, संस्थेतल्या दुसऱ्या, जबाबदार बाईचा असू दे.

एक सावधगिरीही सांगते, नाहीतर तुला वाटेल कड्या लावल्या, दिवे लावले, सुटलो. सुदानच्या दारफूरमध्ये छावणीतल्या बायका चुलीसाठी लाकूडफाटा आणायला बाहेर जायच्या आणि तिथे त्यांच्यावर हल्ले व्हायचे. मग कमी लाकूड लागणाऱ्या चुली दिल्या, सरपण आणायला जाताना शांतिसैनिकांची गस्त सुरू झाली. त्याआधी केनियातल्या दादाबच्या छावण्यांत सरपण छावणीतच वाटून पाहिलं होतं. सरपणाच्या वाटेवरचे बलात्कार कमी झाले, पण दुसऱ्या ठिकाणचे वाढले. म्हणजे एक वाट बंद केली की अत्याचार करणारा दुसरीकडे वळतो, आणि म्हणून रोज नव्याने विचारत राहावं लागतं. शिरोळकडे सरपणाइतकाच प्रश्न चाऱ्याचा, धुण्याचा आणि गाळाचा आहे. पाणी ओसरलं की पुरुष पंचनाम्याच्या मागे असतात आणि बाई एकटीच चिखलाने भरलेल्या घरात गाळ काढायला जाते. आजूबाजूची घरं ओस पडलेली असतात. तिथे बायकांनी चार-पाच जणींच्या गटाने, आळीपाळीने एकेकीचं घर साफ करायचं, असं बचत गटामार्फत ठरवता येतं.

आणि एखादीने तुझ्याजवळ सांगितलंच तर? आधी ऐक. मध्ये बोलू नकोस, ‘तू तिथे कशाला गेलीस’ हे तर ओठांवरही येऊ देऊ नकोस. ‘यात तुझी काही चूक नाही’ एवढं मनापासून सांग आणि तिला काय हवंय ते विचार. सगळं नीट होईल असं वचन देऊ नकोस, कारण ते तुझ्या हातात नाही. पुढची पावलं तिच्या मर्जीने पडायला हवीत, पण वेळेचं भान तू ठेव. बलात्कार झाला असेल तर एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि नको असलेली गर्भधारणा टाळण्याच्या गोळ्याही जितक्या लवकर तितक्या बऱ्या. सरकारी असो की खासगी, रुग्णालयाला तिच्यावर मोफत आणि ताबडतोब उपचार करावेच लागतात. ‘आधी पोलिसांत जाऊन या’ असं म्हणायचा अधिकार कुणाला नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं हे मात्र तिला आधीच सांगून ठेव, तिथे गेल्यावर तिला फसल्यासारखं वाटायला नको. तक्रार करायची ठरवली तर कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. मुलगी अठराच्या खालची असेल तर गोष्ट वेगळी आहे. पॉक्सो कायद्याने ते कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, म्हणून ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं अशा मुलीला कधी म्हणू नकोस.

निघायच्या आधीच एक कागद तयार कर. ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर, जवळचं शासकीय रुग्णालय, महिला पोलीस अधिकारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्थानिक नंबर एकदा लावून बघ, छापील यादीतले नंबर पुष्कळदा बंद असतात. तिचं नाव, गाव, फोटो कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं नाही, ‘एका मुलीच्या बाबतीत’ अशी आडून चर्चासुद्धा करायची नाही, कारण छोट्या गावात तेवढ्यावरून माणूस ओळखू येतं. आणि गावातले चार जण बसून ‘आपसात मिटवून टाकू’ म्हणाले तर त्या बैठकीत तू बसू नकोस. नवऱ्याची मारहाण असेल तरी समजूत घालायला त्याच्याकडे धावू नकोस, तू निघून गेल्यावर त्याचा हिशेब तिच्याकडून चुकता होतो.

आता तुझ्याविषयी. कामावर लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ मध्ये झालेला कायदा पगारी बाईपुरता नाही, स्वयंसेवक म्हणून बिनपगारी काम करणारीही त्यात येते. कामानिमित्त जिथे जाशील ती जागा आणि कामासाठी दिलेली गाडीही त्यात येते. संस्थेत दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती असलीच पाहिजे. नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची. ‘आधी पूर ओसरू दे, मग बघू’ असं तुला कुणी म्हणेल, फार गोड शब्दांत म्हणेल, संस्थेचं नाव, देणगीदार, लोकांचं दुःख, सगळं मध्ये आणेल. ऐकू नकोस. रात्री कुठे झोपायचं, कुणाबरोबर गाडीत जायचं हे दुपारीच ठरवून टाक, आणि गावातल्या ज्या पोरी तुझ्याबरोबर काम करतील त्यांच्याही घरी जायची सोय बघ. आपण निघून जातो, त्यांना त्याच गावात राहायचं असतं.

गावातच राहणाऱ्या बायकांच्या हाती काम सोपवायचं म्हटलं, की मला किल्लारीचं उदाहरण नेहमी आठवतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर घरं बांधायचा मोठा कार्यक्रम आला. त्यात लोकांना सामील करून घेण्याचं काम सरकारने प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’कडे सोपवलं. तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक झाल्या. बांधकामावर लक्ष ठेवणं, अनुदानाची माहिती घरोघर पोचवणं, साहेबाला जाब विचारणं, सगळं त्यांनी केलं. तो कार्यक्रम हिंसा थांबवण्यासाठी नव्हता. पण माहिती आणि निर्णय बाईच्या हातात असले की तिला कुणाच्या दारात मिंधं होऊन उभं राहावं लागत नाही, आणि आपल्या विषयाची निम्मी लढाई तिथेच आहे. छावणीच्या समितीत निम्म्या बायका असू देत, आणि त्यांच्यातल्या दोघींकडे तरी गोदामाची किल्ली आणि यादी असू दे.

या कामाला शाबासकी मिळणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. जे घडलं नाही ते मोजता येत नाही. वरून फोन येईल तो किती किट वाटले हे विचारायला. तू तो आकडा दे, आणि रोजच्या अहवालात त्याखाली एक ओळ वाढव, आज किती बायकांना विचारलं आणि त्यांच्या सांगण्यावरून काय बदललं. कधी लिहिशील की दोन कड्या बसवल्या, कधी की वाटप सकाळी आणलं. ज्या दिवशी त्या ओळीत लिहायला काहीच नसेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो तासभर थांबव आणि आधी बायकांमध्ये जाऊन बस. समन्वयक चिडला तर चिडू दे, माझं नाव सांग.